मुलांना घेऊन बागेत, तळ्यावर, माळावर: सोलापूरकर पालकांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही पाच-सहा घरं मिळून रविवारी सकाळी मुलांना घेऊन बाहेर पडतो. कधी किल्ल्याची बाग, कधी कंबर तलाव, वर्षातून एकदोनदा नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य. ग्रुपवर नवीन कोणी आलं की तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. आमच्यात कोणी शास्त्रज्ञ नाही. चुकत चुकत जे कळलं ते इथे आहे.

सोलापुरात निसर्ग आहे तरी कुठे? ऊन आणि धूळच तर आहे.

हा प्रश्न बहुतेक वेळा महाबळेश्वरहून नुकतंच परतलेलं कोणीतरी विचारतं. निसर्ग म्हणजे धुकं आणि धबधबा असं एकदा डोक्यात बसलं की आपला जिल्हा रिकामाच वाटणार. इथे पाऊस कमी आणि तोही लहरी. जून कोरडा घालवतो आणि सप्टेंबरात एकदम झोडपून काढतो. इथली झाडं, गवत, किडे, पाखरं सगळी या लहरीपणाशी जमवून घेतलेली आहेत. बाभळीचं पान एवढंसं का? गवत वर्षातला बराच काळ मेल्यासारखं पडून पहिल्या पावसात आठवड्यात हिरवं कसं होतं? कमी पाण्यात संसार कसा करायचा, हे नळाला तीन-चार दिवसांआड पाणी बघणाऱ्या सोलापुरी पोराला वेगळं शिकवावं लागत नाही.

मग नेमकं कुठे न्यायचं?

लांब जाऊ नका. भुईकोट किल्ल्याभोवतीची बाग आणि शेजारचा सिद्धेश्वर तलाव एका सकाळीत होतो. विजापूर रोडला कंबर तलाव आहे. पाटीवर धर्मवीर संभाजी तलाव असं लिहिलंय, रिक्षावाल्याला दोन्ही नावं कळतात. त्याच बाजूला सिद्धेश्वर वनविहार. तुळजापूर रोडला हिप्परग्याचा तलाव, म्हणजे इंग्रजांच्या काळातला एकरुख तलाव. बागांच्या वेळा बदलत असतात, निघण्याआधी चौकशी करा.

आणि एक जागा सगळे विसरतात: सोसायटीमागचा रिकामा प्लॉट. रुई, गाजर गवत, एखादी वेडी बाभूळ आणि पावसाचं साचलेलं डबकं. रोज पाणी मारलेल्या, कापलेल्या हिरवळीवर जितके जीव दिसतात, त्यापेक्षा कितीतरी जास्त तिथे दिसतात. बागेतसुद्धा माळीमामांनी न खुरपलेला कोपरा आधी शोधा.

दर वेळी नवीन जागा नको का? मुलं कंटाळतील.

आमचं सगळ्यात ठाम मत इथेच आहे: जागा बदलू नका. एक झाड धरा आणि वर्षभर त्याच्याकडे जात राहा. दहा बागा एकेकदा पाहिल्या की दहा फोटो मिळतात. एक लिंब बारा वेळा पाहिला की माघात झडलेली पानं, चैत्रातली कोवळी पालवी, फुलांचा तो कडवट-गोड वास, ज्येष्ठातल्या निंबोण्या, त्या खायला आलेले बुलबुल आणि शेवटी बुंध्याखाली उगवलेली रोपं एका ओळीत लागतात. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात ‘परस्परावलंबन’ हा शब्द आहे. पोरांना तो पाठ असतो, पण तो दिसायला वेळ लागतो, कारण तो घडतोच सावकाश.

मुलांना झाड निवडू द्या. आमच्यातल्या एका सात वर्षांच्या मुलीने किल्ल्याजवळचं एक वाकडं, अर्धं वाळलेलं झाड निवडलं. आम्हाला वाटलं, हिला काय मिळणार तिथे. वाळलेल्या फांदीच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी निघाली. तेव्हापासून ती कोणालाही वाळकी फांदी तोडू देत नाही.

कोणत्या वयापासून न्यावं?

चालायला लागलं की. तीन वर्षांच्या मुलाला मुंग्यांची रांग पुरते. फक्त त्याच्या वेगाने चालायची तयारी ठेवा, म्हणजे तासाभरात वीस पावलं.

मला स्वतःलाच पक्ष्यांची, झाडांची नावं येत नाहीत. मी काय शिकवणार?

नावं आली नाहीत तरी अडत नाही. उलट नावं येणाऱ्या माणसाचा एक तोटा असतो: तो नाव सांगून मोकळा होतो आणि मूल बघणं थांबवतं. “काय करतोय तो? कुठे चाललाय? एकटाच आहे का?” एवढे तीन प्रश्न विचारत राहा.

तरी नावांची हौस असेल तर सोलापूरसारखं गाव नाही. आपल्याकडे एका वर्गात चार भाषा बसलेल्या असतात. मराठी घरातलं मूल लिंब म्हणतं, कानडी घरातलं बेवु, तेलुगू घरातलं वेप, उर्दू बोलणारं नीम. चिमणीला कानडीत गुब्बी, तेलुगूत पिच्चुक. मराठीतल्या चिंचेला तेलुगूत चिंतच म्हणतात. पोरांनी एकमेकांच्या घरून नावं विचारून आणायची, असा खेळ आम्ही सुरू केला आणि सगळ्यात जास्त नावं आज्यांकडून आली.

कधी कधी नावामुळे बघायची ओढही लागते. तळ्यात काळ्या अंगाचा, पांढऱ्या चोचीचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला पाणपक्षी पोहत असतो. त्याचं मराठी नाव वारकरी. पंढरपूरच्या जिल्ह्यातल्या पोराला हे सांगितलं की ते प्रत्येक तळ्यावर आधी वारकरी मोजतं.

‘परिसंस्था’ मुलांना दाखवायची कशी? ती काही बोटाने दाखवता येत नाही.

येते. फक्त छोटी घ्यावी लागते. आमची आवडती दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं रुईचं. शनिवारी मारुतीला जिच्या पानांचा हार घालतात तीच. कोवळ्या शेंड्याचं पान उलटं करा. (चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, तो फार वाईट असतो. नंतर हात धुवायचे म्हणजे धुवायचेच.) पिवळ्याधमक ठिपक्यांचा थर दिसेल. तो मावा, रस शोषणारा. त्याच्या अंगातून गोड द्रव पाझरतो म्हणून त्याच्यावर मुंग्या फिरत असतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा तिथे मावा खायला येतो आणि मुंग्या त्याला हुसकावतात. खालच्या एखाद्या पानावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या शिंगांच्या जोड्या असलेली अळी पान कुरतडत बसलेली असते. रुईचं विष ती आपल्या अंगात साठवते. तिचं पुढे केशरी फुलपाखरू होतं, पंखांना काळी कड आणि त्यात पांढरे ठिपके. पक्षी त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणूनच ते इतकं निवांत, रमतगमत उडतं. फुलावर काळा भुंगा येतो तो परागीकरण करून जातो. हे सगळं एका झुडपावर, तेही कचराकुंडीशेजारी.

दुसरं उंबराचं. कोणी क्वचित भेटलं की आपण म्हणतो, “अगदी उंबराचं फूल झालास!” मुलांना विचारा, उंबराचं फूल कोणी पाहिलंय का. मग एक अर्धवट पिकलेलं उंबर सुरीने मधोमध कापा. आत शेकडो बारीक फुलं दाटीवाटीने बसलेली असतात. आपण ज्याला फळ म्हणतो ती फुलांची बंद पिशवी आहे. वेळ बरोबर साधली तर कापताक्षणी आतून चिलटांसारखे किडे उडतात, जुनी माणसं ज्यांना केंबरं म्हणतात ते. ही खरं तर इवलीशी गांधीलमाशी. मादी उंबराच्या टोकाच्या भोकातून आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात. आतल्या फुलांना ती बाहेरून आणलेला पराग देते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखांचे. ते आतच जन्मतात, माद्यांना बाहेर पडायला वाट कोरून देतात आणि बाहेरचं जग न बघताच संपतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे निघतात. ही माशी नसेल तर उंबराला बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर तिला घर नाही.

इथे थांबू नका. पिकलेलं उंबर खायला तांबट, मैना, कोकिळा, खारी येतात, रात्री वटवाघळं. वड-पिंपळाचंही असंच. त्यांच्या विष्ठेतून बी लांब जातं. आता मुलांना किल्ल्याच्या तटाकडे न्या आणि वर बघायला सांगा. दगडांच्या फटीत पिंपळाची रोपं उगवलेली दिसतात. तिथे कोण चढलं होतं रोप लावायला? आमच्याकडे एकाने उत्तर दिलं, “कावळा.” बाकीच्यांना हसू आलं, पण उत्तर बरोबर होतं. ती मुळं तट फोडतात, म्हणून ती रोपं वेळेत काढावी लागतात, हेही सांगा. निसर्गाचं सगळंच आपल्या सोयीचं नसतं.

कोणत्या महिन्यात काय बघायचं?

पावसाळ्यात गाजर गवतापासून सुरुवात करा. गाजर गवत बाहेरून आलेलं, गुरं खात नाहीत, काहींच्या अंगाला खाज सुटते. जुलै-ऑगस्टमध्ये त्याची पानं चाळणीसारखी झालेली दिसतील. पांढुरक्या पाठीवर काळसर नक्षी असलेला भुंगेरा ती खात असतो. हा मेक्सिकन भुंगेरा याच कामासाठी १९८०च्या दशकात मुद्दाम भारतात आणला. पाहुणं तण आणि त्याच्यामागून बोलावलेला पाहुणा किडा. तो सगळं गवत संपवत नाही, हेही पोरांच्या लक्षात येतं. बघताना पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.

याच दिवसांत पाण्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लागतात. विणतो तो नर. अर्धा खोपा झाला की मादी येऊन तपासते, पसंत पडला तरच पुढचं काम. आमच्या सौंचं यावर जे म्हणणं आहे ते इथे लिहीत नाही.

हिवाळ्यात भोरड्या. गुलाबी अंग, काळं डोकं, मैनेच्या जातीच्या. पूर्व युरोप आणि मध्य आशियाकडून हजारोंनी येतात. दिवसभर ज्वारीच्या शिवारात, कधी किडे खातात, कधी कणसं. म्हणून शेतकरी एकाच वेळी त्यांना शिव्याही देतो आणि टोळ वेचतात म्हणून सोडूनही देतो. संध्याकाळी झाडावर उतरण्याआधी त्यांचा थवा आभाळात वळतो, पसरतो, आवळतो. ससाणा आला की थवा क्षणात गोळा होतो. हे तळ्याकाठी उभं राहून बघायचं आणि मुलांना काहीही समजावून सांगायचं नाही.

५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसाची, १२ सलीम अलींच्या. चितमपल्ली १९३२ साली आपल्या सोलापुरात जन्मले, वनखात्यात नोकरी केली, २००६ला इथेच झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि २०२५च्या जूनमध्ये याच गावात गेले. पोरांना हे सांगा. पक्ष्यांवर आयुष्य काढलेला माणूस आपल्या गल्ल्यांमधून मोठा झाला, हे ऐकून ती जरा वेगळी बघतात.

आणि एप्रिल-मे? त्या उन्हात मुलांना बाहेर काढायचं?

साडेसहाला निघा, साडेआठला घरात. त्यापुढे नाही, कोणी कितीही म्हटलं तरी. पारा ४३च्या वर जाणारं गाव आहे हे. पण उन्हाळा वाया घालवू नका. तांबटाची टुकटुक याच दिवसांत ऐकू येते, कोकिळेची कावळ्याच्या घरट्याभोवती लबाडी चाललेली असते, आणि तळं आटत चाललं की काठच्या चिखलात पायांचे ठसे मिळतात. एक सोपा प्रयोग: थर्मामीटर असेल तर डांबरावर, हिरवळीवर आणि वडाखाली तीन ठिकाणी तापमान घ्या. नसेल तर हात लावून बघा, फरक हातालाही कळतो.

तळ्यातल्या माशांना चुरमुरे टाकू द्यायचे का?

मुलांना फार आवडतं हे आम्हालाही माहीत आहे. तरी नको. मासे खातात त्याहून जास्त तळाशी जाऊन कुजतं, त्यावर शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि त्रास त्याच माशांना. जलपर्णीही अशाच खतावलेल्या पाण्यात फोफावते. आजीने पुण्य म्हणून टाकले तर तिथे वाद घालू नका. घरी आल्यावर पोरांशी बोला.

साप, विंचू, मधमाश्या?

भीती रास्त आहे, पण नियम थोडेच. दगड किंवा ओंडका हाताने उचलायचा नाही. फटीत, बिळात, ढोलीत हात घालायचा नाही. बूट बंद हवेत, चपला नकोत. आग्या मोहोळ दिसलं की त्या झाडाखाली थांबायचं नाही, दगड मारणाऱ्या मुलाला त्या दिवशी घरी पाठवायचं. साप दिसला तर जागीच थांबा आणि त्याला जाऊ द्या. पकडायचा नाही, मारायचा नाही, फोटोसाठी जवळ जायचं नाही. चावलाच तर दोरी बांधणं, चिरा देणं, मांत्रिक, काही नको. पाय हलू न देता थेट सिव्हिल, किंवा १०८ला फोन.

पानं-फुलं-शिंपले गोळा करू द्यावेत का?

जमिनीवर पडलेलं, तेही खिशात मावेल एवढंच. पीस उचललं तर बघून परत ठेवायचं, कारण अनेक पक्ष्यांची पिसं बाळगणं कायद्यातही बसत नाही. घरटं रिकामं दिसलं तरी हात लावायचा नाही. अभयारण्यातून काहीच आणायचं नाही, दगडसुद्धा.

मोबाईल न्यावा का?

मोठ्यांच्या खिशात एक. मर्लिनसारखं ॲप आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवतं, पण ते चुकतंही. आधी मुलाने वहीत चित्र काढायचं, मग ॲप. उलट क्रमाने केलं की वही उघडतच नाही.

माझा मुलगा किडे चिरडतो. मुलगी किड्याला बघून किंचाळते. काय करू?

दोघांनाही भिंग द्या, साधं शंभरेक रुपयांचं. ओरडून उपयोग होत नाही, आम्ही करून पाहिलं. चिरडणाऱ्याला एका मुंगीचा ‘पहारेकरी’ करा: दहा मिनिटं तिच्यावरून नजर हलवायची नाही आणि ती कुठे गेली ते सगळ्यांना सांगायचं. किंचाळणारीला जवळ ओढू नका. ती लांबून बघेल, मग अर्धं पाऊल पुढे येईल. काही महिने लागतील.

शाळेची चाळीस मुलं एकदम न्यायची आहेत. कसं करावं?

आमची पहिलीच मोहीम अशी होती. बत्तीस मुलं, प्रत्येकाच्या हातात वीस नावांचा छापील तक्ता, समोर दिसेल त्यावर बरोबरची खूण. निघायलाच नऊ वाजले. दहापर्यंत पाण्याच्या बाटल्या संपल्या, एकाला उलटी झाली, दोघांचं तक्त्यावरून भांडण झालं आणि पाखरं आमचा आवाज ऐकून केव्हाच गेली होती. नंतर विचारलं काय पाहिलं, तर सगळ्यांना आठवत होता तो एक सरडा, जो कुंपणावर मान वरखाली करत बसला होता. तक्त्यात सरडा नव्हता. तक्ता मीच बनवला होता.

आता आठ-आठच्या टोळ्या करा, प्रत्येक टोळीबरोबर एक मोठं माणूस, प्रत्येक टोळीला एकच झाड. शेवटची पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि आवाज मोजायचे. रिक्षाचा हॉर्नही मोजायचा.

नान्नजला कधी न्यावं? माळढोक दिसेल का?

दिसेल असं सांगून नेऊ नका. अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठीच जाहीर झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर, नंतर ते १,२२२वर आलं. आता माळढोक दिसणं हे उंबराच्या फुलापेक्षा अवघड झालंय. पंधरा किलोपर्यंत वजनाचा, माणसाच्या कमरेएवढा उंच पक्षी, मादी वर्षाला जेमतेम एक अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. कुत्रं, गुरांचे पाय, विजेच्या तारा, मोडलेला माळ, यातून ते एक अंडं वाचायचं कसं? मुलांना हे गणित म्हणून घाला.

पण नान्नजला काळवीट दिसतात. हिवाळ्यात गवतावरून खाली खाली तरंगणारे भोवत्या ससाणे, चंडोल, नशीब असेल तर खोकड. लांडगाही आहे. सहा-सात वर्षांच्या पुढची मुलं न्या, पहाटे निघा, मातकट रंगाचे कपडे घाला आणि वनखात्याच्या माणसाचं ऐका.

असल्या उजाड माळावर आम्ही वाढदिवसाला झाडं लावली तर?

हेतू चांगला आहे, जागा चुकली. माळ उजाड नसतो, तो गवताचा असतो. काळवीट, माळढोक, चंडोल यांना लांबवर दिसणारं मोकळं रान लागतं. तिथे झाडांच्या रांगा लावल्या की त्यांचं घर मोडतं. ‘पडीक’ हा शब्द सरकारी दप्तरातून आपल्या तोंडात आलाय, तो मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. झाड लावायचंच असेल तर आपल्या गल्लीत लिंब, चिंच, उंबर लावा आणि तीन उन्हाळे पाणी घाला.

खायला काय न्यायचं?

कडक भाकरी, शेंगाचटणी, काकडी. पुडा नाही, कचरा नाही. सांडलेला चुरा मुंग्या नेतात, आणि किती वेळात नेतात याची पैज लागते.

पाऊस असला तर रविवार रद्द का?

मृगाच्या पहिल्या सरींनंतरचा रविवार तर अजिबात रद्द नाही. ओल्या मातीवर लाल मखमलीचे थेंब चालताना दिसतात, ते मृगाचे किडे. वर्षभर मातीत दडून बसतात आणि वाळवीची पाखरं उडतात त्याच सुमाराला वर येतात, कारण वाळवी हे त्यांचं खाणं. काडेपेटीत भरून आणू नका, घरी मरतात. तळहात जमिनीला टेकवून थांबलं तर एखादा आपणहून चढतो. छत्री आणा, आणि पाय चिखलाने माखतील याची तयारी ठेवा.